पाणी न घातलेलं शरबत

ही गोष्ट मी सांगणार नव्हतो. पण गल्लीत जो तो ती आपापल्या परीनं सांगू लागला. एकाच्या सांगण्यात मी नाचलो. दुसऱ्याच्या सांगण्यात मी लुंगी डोक्याला बांधली. मी नाचलो नाही. आणि लुंगी मी घालतच नाही, धोतर घालतो. तेव्हा बसा. चहा घ्या. एकदाच सांगतो, मला आता ह्याचा कंटाळा आलाय. ऐकून झाल्यावर एवढंच करा, बिलोलीकडं कुणाला फोन करू नका.

माझं नाव शिवलिंगआप्पा. लातूरच्या बाजारात माझी दुधाची डेअरी होती. गुडघे गेले तशी बंद केली. शाळा चौथीपर्यंत. पण सगळ्या बाजाराला विचारा, आप्पानं दुधात कधी पाणी घातलं का? लोक घालत होते. मी नाही.

दुसरी गोष्ट दारूची. मी तिला शिवलो नाही आणि शिवणाऱ्याला उंबऱ्यात येऊ दिलं नाही. थोरल्या पोरीच्या लग्नात माझा सख्खा मेहुणा डुलत आला. मी त्याला अक्षता पडायच्या आधी मांडवाबाहेर काढला. आहेर हातात परत दिला. अजून बोलत नाही तो. न बोलू दे.

आता डेअरी गेल्यावर वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या. लातुरात काय, ज्याला जिना आहे त्याच्या वर पोरं शिकतात. मी फक्त मुली ठेवतो. दिवेलागणीला घरात. गच्चीवर फोन नाही. मोठ्यानं हसणं नाही. मुली मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. मी विचारत नाही. पण बाप लोक माझं घर बघतात आणि समाधानानं परत जातात. हे माझं नाव. एवढंच मी कमावलं.

तर ते नाव एका दुपारी कसं गेलं, ते ऐका.

पोरगा महेश हैदराबादला असतो. कॉम्प्युटरवर काम. सुट्टीला सूनबाईंना घेऊन आला होता. एका संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर नैवेद्याच्या वाटीएवढे चिमुकले काचेचे ग्लास मांडलेले. आणि त्यात काय? खाली काळपट, मधे दुधाळ, वर नारंगी. तीन थर. एकावर एक उभे. एकही दुसऱ्यात मिसळत नव्हता!

मी सगळा जन्म दुधात काढला. पण दूध असं शिस्तीत उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"काय करून राहिला रे?"

महेश दचकला. हातातला चमचा खाली पडला.

"मॉकटेल, आप्पा."

"म्हंजी?"

"शरबत. थराचं. फोनवर बघून शिकलो."

सूनबाई एकदम फ्रिजात डोकं घालून काहीतरी शोधू लागल्या. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. फ्रिजात इतका वेळ कोण शोधतं?

मी बाटली उचलली. इंग्रजी मला येत नाही. पण एक शब्द येतो. आमच्या डेअरीत दुधातून मलई वेगळी काढायचं यंत्र होतं, त्याच्यावर तो लिहिलेला होता. क्रीम. बाटलीवर तोच शब्द. बाटली हलवली. आतलं दाट. काचेला धरून सावकाश खाली येणारं.

"ही मलई?"

"हाव."

"विकतची?"

"फॉरेनची, आप्पा."

"पाणी घातलेलं असणार."

"थेंब न्हाई, आप्पा." हे बोलताना मात्र त्याचा आवाज खरा होता.

मग त्यानं करून दाखवलं. आधी कॉफीवाली बाटली. मग चमचा उलटा धरायचा, ग्लासाच्या कडेला टेकवायचा आणि त्याच्या पाठीवरून मलई सोडायची. सावकाश. मग तसंच संत्र्याचं. मी म्हणालो, सरक. माझा थर पहिल्याच वेळी बसला. त्याचा दोनदा फिसकटलेला होता. बापाचा हात आहे तो, दुधाचा हात.

"प्यायचं कसं?"

"तुम्ही नका!" महेश असा ओरडला की शेजारच्यांना ऐकू गेलं असेल. "तुम्हाला साखर हाय ना आप्पा. अन् लई जड असतंय ते."

बापाची केवढी काळजी! मला बरं वाटलं. त्या रात्री मी त्याला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बिलोलीहून एका बाईचा फोन आला. नाव सुलोचनाबाई. पोरगी प्रतीक्षा, तिला नीटची तयारी करायला लातूरला ठेवायची होती. बाई हळू आवाजात बोलत होत्या, जवळ नवरा असावा.

"आप्पा, ह्यांनी सगळी होस्टेलं बघितली. एकबी पटंना. कुठं मालक तंबाखू खातो, कुठं समोर पानटपरी हाय. आता म्हणून राहिलेत, शेवटची एक जागा बघतो. न्हाई पटली तर पोरगी घरी बसंल, शिकणं बंद. पोरीनं दोन दिस जेवण सोडलंय, आप्पा."

"आणा त्यांना," मी म्हणालो. "माझ्या घरून कोणी नापसंत करून गेलेलं नाही."

अभिमानानं बोललो. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

सोमवारी ते आले. महेश आणि सूनबाई सकाळीच नांदेडला सूनबाईंच्या माहेरी गेले होते. वरच्या मुली क्लासला. घरी मी आणि माझी बायको गौरा. जूनचं ऊन. पाऊस नुसता आभाळात फिरून जायचा.

बाप गंगाधरराव. पांढरा सदरा, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. आल्या आल्या त्यांनी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. दोघंही हसलो नाही. म्हणजे पटलं.

सोबत सुलोचनाबाई, पोरगी आणि बाईंचे धाकटे भाऊ दत्तूमामा. मामांचा चेहरा हसरा होता. मला हसरा चेहरा आवडत नाही. पण मामा काही खोली घेणार नव्हते.

गौरानं मायलेकींना वर खोली दाखवायला न्यायचं ठरलं. आधी चहा टाकते म्हणून ती आत गेली, आणि बाहेर येऊन माझ्या कानाशी लागली.

"अहो, दूध नासलं."

"कसं नासलं?"

"तुम्हीच सकाळी वास घेऊन चांगलं हाय म्हणाला होता!"

आता हे तुम्हाला सांगतो, बाहेर बोलू नका. करोना होऊन गेला तेव्हापासून माझं नाक गेलंय. वासच येत नाही. पण दूधवाल्यानं हे सांगायचं कसं? मी रोज सकाळी गवळ्याच्या किटलीवर वाकतो, श्वास ओढतो, मान हलवतो. गवळी घाबरतो. तेवढं पुरतं. त्या दिवशी पुरलं नाही.

गौरा मायलेकींना घेऊन जिना चढली. मी बैठकीत दोन पाहुण्यांसमोर उभा. दूधवाल्याच्या घरी पाहुणे आणि दूध नाही! काळा चहा देऊ? त्यापेक्षा मी बाजारात डोकं भादरून फिरलो असतो.

मग मला आठवण झाली. फॉरेनची मलई.

मी फ्रिज उघडला. तिन्ही बाटल्या रांगेत. ते चिमुकले ग्लास बघून लाज वाटली. बिलोलीहून आलेल्या माणसाला एवढुसं द्यायचं? मी चहाचे काचेचे ग्लास घेतले. चमचा उलटा धरला. काळा थर. दुधाळ थर. नारंगी थर. तिन्ही सरळ. ताटात ठेवून बाहेर आलो, तेव्हा माझा मलाच हेवा वाटला.

गंगाधररावांनी ग्लास उजेडाला धरला. "हे काय?"

"थराचं शरबत. कॉफी, मलई, संत्रं."

"माझा सोमवार हाय, आप्पा. सकाळपासून पोटात काही न्हाई. उपवासाला चालतंय?"

"चालतं की. कॉफी चालते, दूध चालतं, फळ चालतं. आडवं काय आलं?"

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. जिभेवर फिरवला. "गार हाय. जरा तिखट लागतंय घशाला."

"संत्रं आंबट असेल."

तिकडं मामांनी घोट घेतला आणि ते जागच्या जागी थांबले. ग्लासाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. भिंतीवरच्या महादेवाच्या फोटोकडे बघितलं. परत माझ्याकडे.

"आप्पा... हे घरचंच हाय?"

"घरचंच. बाटल्या पोरानं आणल्या. बनवलं मी."

"तुम्ही सोता?"

"मग काय? हाताला सवय पाहिजे."

मामांनी इकडं तिकडं बघून आवाज खाली आणला. "अन् हे असं नीटच हाय?"

"नीट म्हंजी? नीटच असणार! आमच्या घरी काही वेडंवाकडं नसतंय."

"तसं न्हाई. पाणी?"

झालं! हा शब्द माझ्या काळजाला लागतो. मी ताट खाली ठेवलं.

"दत्तूमामा, सगळ्या लातूरला विचारा. मी जन्मात पाणी घातलं न्हाई. मेलो तरी घालणार न्हाई."

"सोडाबी न्हाई?"

"सोडा कशाला? पोट बिघडलंय का तुमचं?"

मामांनी ग्लास मांडीवर ठेवून मला दोन्ही हात जोडले. "आप्पा, असला माणूस मी पहिल्यांदा बघून राहिलो."

मला वाटलं, माणूस दिसतो तेवढा वाईट नाही. कदर आहे त्याला. मी त्यांचा ग्लास पुन्हा भरला.

गंगाधररावांचा केव्हाच रिकामा होता. त्यांनी तो स्वतःच पुढं केला, आणि केला तसा त्यांना मुद्दा आठवला. टोपी सरळ करून म्हणाले, "आप्पा, एक विचारायचं राहिलं. राग मानू नका. ह्या घरात कोणी घेणारं...?"

मी चमच्याच्या पाठीवरून मलई सोडत होतो. हात हलला नाही.

"गंगाधरराव, ह्या घरात दारूचा थेंब आला न्हाई. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी आणणारा तरी ह्या घरात राहील नाहीतर मी."

मामांना जोराचा ठसका लागला. शरबत नाकातून आलं. मी पाठीत दोन थापा घातल्या. ते डोळे पुसत राहिले. मला वाटलं, बोलणं मनाला भिडलं.

"ह्याला म्हणतात घर!" गंगाधरराव मांडीवर हात मारून म्हणाले. "दत्तू, बघ! शिक काही! लोकांच्या घरी गेलं की काय काय पाजतात. अन् इथं बघ. शरबत!"

"बघून राहिलो, दाजी," मामा म्हणाले. "जलमभर इसरणार न्हाई."

मी वरचा पंखा मोठा केला. उकाडा होता. गंगाधररावांचे कान लाल झाले होते. टोपी त्यांनी काढून गुडघ्यावर घातली.

"आप्पा, पंखा लई चांगला हाय तुमचा."

"नवाच आणलाय."

"गुणी पंखा. सोता फिरतो अन् हळूहळू खोलीबी फिरवतो."

आता शहाण्या माणसाला इथं कळलं असतं. मला काय वाटलं? ऊन लागलं. म्हणून मी काय केलं? गार द्यावं म्हणून अजून एक ग्लास भरला. ह्यावेळी थर धरायचीही वाट बघितली नाही. सगळं एकत्र.

तो अर्धा झाला आणि गंगाधररावांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"आप्पा, माझी पोरगी लई हुशार हाय. मी तिला कधी म्हणलं न्हाई. तिचं नीट होईल का हो?"

"दाजी," मामा म्हणाले, "पोरीचं नंतर बघू. तुमचं तर आत्ताच नीट झालं."

गंगाधरराव ह्यावर इतके हसले, इतके हसले, की लोडावर कलंडले. मग उठून त्यांनी भजन धरलं. भर दुपारी. हातात ग्लास आणि चमचा, तोच टाळ. समोरच्या घरातल्या दोघी खिडकीत आल्या. मी त्या दोघींना दटावायला तोंड उघडलं, तेवढ्यात गंगाधररावांनी माझा गाल धरला.

"शिवलिंग्या!" म्हणाले. "हस की लेका!"

शिवलिंग्या! वडील गेल्यापासून मला कोणी असं म्हटलं नाही. आणि गाल तर वडिलांनीही धरला नव्हता.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. उजेड कसला पडला? चुकीचा. मला माणूस कळतो. लाल कान, ओले डोळे, जड जीभ. मेहुण्याला मांडवातून काढला तेव्हा हेच होतं सगळं. म्हणजे हा अध्यक्ष घेऊन आला होता! बिलोलीपासून भरून आला आणि माझ्या घरी येऊन भजन म्हणून राहिला!

मी उभा राहिलो. आणि नेमक्या त्याच वेळी मुलगी जिन्यावरून धावत खाली आली. मागून सुलोचनाबाई आणि गौरा.

"पपा, खोली लई छान हाय! खिडकीतून कडुलिंब दिसतो! मी टेबल तिथंच..."

"टेबल बिबल काही लागणार न्हाई," मी म्हणालो. आवाज असा निघाला की समोरच्या खिडकीतल्या बायका आत गेल्या. "खोली मिळणार न्हाई. असल्या बापाच्या पोरीला माझ्या घरात जागा न्हाई. उचला सामान!"

पोरगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली. पाय खाली ठेवला नाही.

"काय झालं, आप्पा?"

"तुझा बाप पिऊन आलाय."

"पपा कधीच पीत न्हाईत." ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली. "कधीच न्हाई, आप्पा."

सुलोचनाबाई पुढं आल्या. नवऱ्याच्या तोंडाजवळ वाकल्या. वास घेतला. माझ्यासारखा खोटा नाही, खरा घेतला. मग सरळ झाल्या आणि भावाकडं वळल्या.

"दत्तू! तू पाजलीस?"

"आक्का, महादेवाची शपथ! मी कशाला पाजू? आप्पांनी पाजली."

"जीभ हासडीन!" मी म्हणालो.

"हासडा. पण आधी ती बाटली बघा. तुम्हीच म्हणलात न्हवं, पाणीबी न्हाई, सोडाबी न्हाई?"

"शरबत होतं ते! मलई होती!"

"आप्पा," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हसू नव्हतं, "दारू हाय ती. गोड असती. बायामाणसं सुद्धा हौसेनं घेतात मोठ्या शहरात. मी नांदेडात एका लग्नात चाखली हाय. भारीतली."

मी गौराकडं बघितलं. गौरानं फोन उचलला, महेशला लावला आणि आवाज मोठा करून मधे धरला.

"महेश," मी म्हणालो, "फ्रिजातल्या त्या बाटल्या."

महेश हळूच म्हणाला, "आप्पा, हात न्हाई ना लावला?"

"मलईची संपली."

"संपली? आप्पा, तुम्ही घेतली? बसा! उभं राहू नका! आईला म्हणा लिंबू..."

"मी न्हाई. पाहुण्यांना दिली."

"किती दिली? पाणी तरी घातलं होतं का?"

तुम्हीच सांगा, ह्याला काय उत्तर देऊ? सगळ्या जन्माचा अभिमान ज्या एका गोष्टीवर उभा केला, तीच पोरगा विचारत होता. मी म्हणालो, "न्हाई." आणि जन्मात पहिल्यांदा हे सांगताना मान खाली गेली.

"आप्पा, मी घाबरून शरबत म्हणलो," महेश म्हणून राहिला होता. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला घराबाहेर..."

गौरानं फोन बंद केला.

आता मी थकलो. खुर्चीत बसलो. समोर गंगाधरराव लोडाला मिठी मारून झोपी गेले होते. घोरत होते. चेहऱ्यावर असं समाधान होतं की माझ्या चेहऱ्यावर कधी आलेलं नाही.

पोरगी अजून पायरीवर होती. दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत. रडली असती तर बरं झालं असतं. ही रडेना.

मला माफी मागता येत नाही. सवय नाही. तोंड उघडलं की हुकूमच निघतो. तरी उठलो. सुलोचनाबाईंपुढं उभा राहिलो.

"बाई, चूक माझी. तुमच्या मालकाची न्हाई. त्यांना मी पाजली. अन् वर मीच ओरडलो. ते उठले की मी त्यांच्या पायावर डोकं ठेवतो अन् खरं काय ते सांगतो."

"सांगू नका!" बाई म्हणाल्या.

"का?"

"सांगितलं की हे काय करतील, माहीत हाय? अध्यक्षपद सोडतील. मग उपवास धरतील. अन् पोरीला घेऊन जे गावी जातील ते परत लातूरचं नाव काढू देणार न्हाईत. तुमच्या खरं बोलण्यानं पोरीचं वरीस जाईल, आप्पा. तुमचं मन तेवढं मोकळं होईल."

"मग काय म्हणायचं?"

"ऊन लागलं. उपाशी पोटी आले, चक्कर आली. आप्पांनी लेकरासारखं सांभाळलं."

"मी खोटं बोलत न्हाई, बाई."

"बरं. मग खरं बोला. दारूबंदीच्या अध्यक्षाला सोमवारच्या उपवासाला कुणी पाजली, तेबी सांगा. गावात पत्ता विचारतील लोक."

मामा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मी पोरीकडं बघितलं. तिनं बंद सोडला होता. ती माझ्याकडं बघत होती. नुसती वाट बघत होती.

"ऊन लागलं," मी म्हणालो.

संध्याकाळच्या सुमारास गंगाधरराव उठले. डोकं धरून बसले. गौरानं त्यांना लिंबूपाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "आप्पा, काही म्हणा, तुमच्या शरबताची सर ह्याला न्हाई."

मग ते खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "एवढी शांत झोप मला घरीबी लागत न्हाई. इथं काहीतरी पवित्र हाय. माझी पोरगी इथंच राहील."

पोरगी वर पळाली. मोठ्यानं हसत. दटावायला मला तोंड कुठं होतं?

निघताना गंगाधरराव माझे दोन्ही हात धरून बराच वेळ उभे होते. ते आणि मामा पुढं स्टँडकडं गेले. सुलोचनाबाई मात्र चपलेत पाय घालता घालता थांबल्या.

"आप्पा, तुमचे नियम पोरीला सगळे कबूल हायत. दिवेलागणीला घरात, गच्चीवर फोन न्हाई, सगळं. आता माझा एक."

"बोला."

"माझा नवरा झोपला होता. मी न्हवते झोपले. तुमच्या फ्रिजात काय असतंय अन् काय न्हाई, ते तुम्हालाच कळत न्हाई, हे मी डोळ्यांनी बघितलं. पोरगी रोज सांजेला मला फोन करून सांगंल."

"काय सांगेल?"

"तुमचं."

मी बरंच काही म्हणू शकलो असतो. वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "बरं."

महेशनं राहिलेल्या दोन बाटल्या हैदराबादला परत नेल्या. मी त्याला घराबाहेर काढलं नाही. शब्द दिला होता की आणणारा तरी राहील नाहीतर मी. पण पाजणाऱ्याचं काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं.

आणि आता रोज दिवेलागणीला काय होतं, बघा. मी बैठकीत पेपर घेऊन बसलेला असतो. प्रतीक्षा जिन्यावरून उतरते. मधल्या पायरीवर थांबते. वाकून मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळते. मी हलत नाही. हललो तर संशय यायचा. मग ती माझ्या देखत फोन लावते. बिलोलीत बाई काहीतरी विचारतात.

"हाव आई, पेपर वाचून राहिलेत."

मग पुन्हा वाकून बघते.

"हाव, सरळच धरलाय."